'बाइट' मासिकाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील 'बाइट' या संगणकविषयक मासिकासंबंधी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच माहिती दोन ठिकाणी देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'बाइट' हे नेमके कसले मासिक होते?

घरी स्वतःचा संगणक जोडणाऱ्या, तो चालवण्यासाठी स्वतःच प्रोग्राम लिहिणाऱ्या हौशी मंडळींसाठी निघालेले हे तांत्रिक मासिक होते. त्याचा पहिला अंक सप्टेंबर १९७५ चा आणि शेवटचा छापील अंक जुलै १९९८ चा. संपादकीय कार्यालय कोणत्याही मोठ्या शहरात नव्हते, तर न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरो या लहानशा गावात होते. पहिल्या अंकाची किंमत दीड डॉलर होती. मासिकाने पुढे बरीच वर्षे 'छोट्या संगणकप्रणालींचे नियतकालिक' अशा अर्थाचे उपशीर्षक मिरवले. सर्किट आणि सॉफ्टवेअर या दोन्ही गोष्टी एकाच वाचकाला कळल्या पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह होता आणि माझ्या मते 'बाइट'चे सारे मोठेपण त्या आग्रहात आहे.

२. घरगुती संगणकांवरचे हे पहिलेच मासिक होते का?

असे सर्रास लिहिले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. कॅलिफोर्नियातील 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'चे वार्तापत्र १९७२ मध्ये सुरू झाले होते आणि डेव्हिड आल यांचे 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग' १९७४ मध्ये. मात्र त्या दोघांचा मुख्य रोख संगणक शिकण्या-शिकवण्यावर होता. जुलै १९७४ च्या 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये 'मार्क-८' आणि जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हे घरी जोडायचे संगणक झळकल्यानंतर मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे एकाच चिपवर बसवलेल्या प्रोसेसरवर, चालणारा स्वतःचा संगणक बाळगणारा एक नवाच वर्ग तयार झाला. केवळ त्या वर्गासाठी निघालेले पहिले मोठे मासिक म्हणून 'बाइट'चे नाव घ्यायला हरकत नाही.

३. 'बाइट'ची सुरुवात वेन ग्रीन यांनी केली की कार्ल हेल्मर्स यांनी?

कल्पना आणि प्रकाशनाचा अनुभव ग्रीन यांचा, संपादन हेल्मर्स यांचे. वेन ग्रीन हे हॅम रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संदेशवहन करणाऱ्या, हौशी लोकांसाठी १९६० पासून '७३' नावाचे मासिक काढत होते आणि आता त्याचे कार्यालय पीटरबरोला होते. छपाई, जाहिराती, वर्गणीदार आणि टपाल यांची घडी त्यांच्याकडे बसलेली होती. हेल्मर्स १९७५ च्या आरंभापासून 'एक्स्पेरिमेंटर्स कॉम्प्युटर सिस्टिम' हे छोटे वार्तापत्र स्वतःच लिहून वितरित करत होते. मजकूर दर्जेदार होता, पण वाचक अगदी मोजके होते. ग्रीन यांनी त्यांना पीटरबरोला बोलावून नव्या मासिकाचे संपादकपद दिले. कारभाराची बाजू ग्रीन यांच्या पूर्वीच्या पत्नी व्हर्जिनिया लोंडनर ग्रीन सांभाळत होत्या आणि पुढच्या घडामोडींत हे तिसरे नाव पहिल्या दोघांइतकेच महत्त्वाचे ठरले.

४. संस्थापकच काही महिन्यांत बाहेर कसा पडला?

या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या तोंडून ऐकावे त्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी निर्विवाद तेवढे सांगतो. 'बाइट' प्रकाशित करणारी कंपनी व्हर्जिनिया यांच्या नावाने नोंदलेली होती. पहिले काही अंक '७३'च्या कार्यालयातूनच तयार झाले. १९७५ सरता सरता 'बाइट'च्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी १९७६ च्या अंकाच्या साहित्यासह त्या कार्यालयातून बाहेर पडून आपली चूल वेगळी मांडली. हेल्मर्स व्हर्जिनिया यांच्याबरोबर राहिले आणि ग्रीन यांचा मासिकाशी संबंध संपला.

ग्रीन यांनी यानंतर आयुष्यभर, स्वतःच्या मासिकांच्या संपादकीयांतूनही, आपले मासिक आपल्या हातून काढून घेतले गेले असेच सांगितले. 'बाइट'ने मात्र फेब्रुवारी १९७६ च्या अंकात या स्थलांतराची छोटीशी हकीकत छापताना त्याला हलक्याफुलक्या प्रहसनाचे रूप दिले. कायद्याने पाहिले तर मालकी कागदावर ज्याची, त्याचीच ठरते. हौशी संगणकाच्या क्षेत्रात पुढे असे तंटे अनेक झाले. त्यांतला हा बहुधा पहिला गाजलेला तंटा, आणि तो एखाद्या यंत्रावरून न होता मासिकावरून झाला.

५. 'किलोबॉड' हे 'बाइट'चेच भावंड होते का?

नाही, ते प्रतिस्पर्धी होते. बाहेर पडल्यावर ग्रीन यांनी 'किलोबाइट' नावाचे मासिक जाहीर केले. 'बाइट'ने नावाला हरकत घेतल्यावर ते जानेवारी १९७७ पासून 'किलोबॉड' या नावाने निघू लागले.

६. पहिल्या अंकात काय होते?

आपल्याला कोणता मायक्रोप्रोसेसर सोयीचा, हा एक लेख. एकामागून एक बिट पाठवणाऱ्या 'सिरियल' जोडणीवर डॉन लँकॅस्टर यांचा दुसरा. स्वतःचा असेम्ब्लर, म्हणजे सांकेतिक आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, कसा रचावा, हा आणखी एक. मुखपृष्ठावर संगणकाला जगातले सर्वांत भारी खेळणे म्हटले होते. तीन लेखांची नावे एकापुढे एक ठेवली की त्या वेळच्या वाचकाच्या तीन अडचणी आपोआप दिसतात : काय विकत घ्यायचे, त्याला इतर उपकरणे जोडायची कशी आणि यंत्राशी बोलायचे कसे.

७. 'कॅन्सस सिटी मानक' म्हणजे काय आणि त्याचा 'बाइट'शी काय संबंध?

१९७५ मध्ये फ्लॉपी ड्राइव्ह हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होता. गाणी ऐकण्याचा कॅसेट रेकॉर्डर मात्र घरोघरी होता, म्हणून प्रोग्राम ध्वनीच्या रूपात टेपवर साठवणे हाच स्वस्तातला मार्ग उरला. घोडे अडले ते एकवाक्यतेवर. प्रत्येक उत्पादकाची पद्धत निराळी असल्याने एकाच्या संगणकावर भरलेली टेप दुसऱ्याच्या संगणकाला वाचता येत नसे. हा घोळ मिटवण्यासाठी 'बाइट'ने नोव्हेंबर १९७५ मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे उत्पादक व तंत्रज्ञांची बैठक भरवली. तिथे ठरलेल्या पद्धतीचा मसुदा ली फेल्सेनस्टाइन आणि हॅरल्ड मॉक यांनी तयार केला व तो फेब्रुवारी १९७६ च्या अंकात आला.

पद्धत अशी. 'एक' नोंदवायचा असेल तर २४०० हर्ट्झची आठ आवर्तने टेपवर भरायची आणि 'शून्य' नोंदवायचे असेल तर १२०० हर्ट्झची चार. दोन्हींना सारखाच वेळ लागतो, सेकंदाचा तीनशेवा भाग. म्हणून वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभ-बिट म्हणजे शून्य, मग माहितीचे आठ बिट आणि शेवटी दोन थांबा-बिट म्हणजे दोन 'एक', असे एकूण अकरा बिट जातात. म्हणजे सेकंदाला साधारण २७ बाइट. चार किलोबाइटचा प्रोग्राम आत घ्यायला अडीच मिनिटे लागत आणि तेवढा वेळ कर्कश चिरचिर ऐकत बसावे लागे. आज हे हास्यास्पद वाटेल, पण या मंदपणातच त्याची विश्वासार्हता होती. स्वस्त रेकॉर्डरमध्ये टेप कधी भरभर, कधी सावकाश फिरते, आणि वाचणारे सर्किट कालमापन टेपवरच्या ध्वनीतूनच मिळवत असल्याने तेवढा फरक त्याला चालून जाई. १२०० आणि २४०० हर्ट्झची हीच जोडी पुढे वाढीव वेगाने बीबीसी मायक्रो आणि एमएसएक्स या संगणकांनीही वापरली.

एक गल्लत मात्र नेहमी होते. मासिकासोबत प्रोग्रामची ध्वनिमुद्रिका वाटली ती 'बाइट'ने नव्हे. तो प्रयोग मे १९७७ मध्ये 'इंटरफेस एज' या दुसऱ्या मासिकाने केला, आणि त्या मुद्रिकेवरचा बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचा प्रोग्राम याच कॅन्सस सिटी पद्धतीने भरलेला होता.

८. मग पानांवर छापलेल्या काळ्या पट्ट्या कशाच्या?

तो 'पेपरबाइट' नावाचा बारकोड. पानावर हाताने वाचक-कांडी फिरवली की प्रोग्राम संगणकात उतरावा, टंकनाचे श्रम आणि चुका वाचाव्यात, असा बेत होता. कल्पना सुरेख होती, पण कांडी फारशी कोणाकडे नव्हती आणि हात एका चालीने फिरवणेही सोपे नव्हते. थोड्याच काळात हा प्रकार मागे पडला.

९. 'बाइट'ची मुखपृष्ठे इतकी प्रसिद्ध का आहेत?

ती रॉबर्ट टिनी यांच्या चित्रांमुळे. डिसेंबर १९७५ च्या अंकापासून त्यांनी या मासिकासाठी रंगवायला सुरुवात केली आणि दशकाहून अधिक काळ बहुतेक मुखपृष्ठे त्यांचीच राहिली. अमूर्त तांत्रिक कल्पना वास्तवातल्या वस्तूंसारखी बारकाईने रंगवायची, ही त्यांची हातोटी. एप्रिल १९८१ च्या मुखपृष्ठावरचा भविष्यातला संगणक मनगटी घड्याळाएवढा आहे. त्याला इवलासा पडदा आहे, बोटांना झेपणार नाही असा चिमुकला कळफलक आहे आणि कडेच्या फटीत नखाएवढी फ्लॉपी सरकवली जाते आहे. मनगटावरच्या संगणकाचा अंदाज बरोबर आला, फ्लॉपीचा चुकला. ऑगस्ट १९८१ चा रंगीत फुगा त्याहून प्रसिद्ध आहे. त्याविषयी पुढचा प्रश्न पाहावा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादनांची छायाचित्रे मुखपृष्ठावर येऊ लागली आणि टिनी यांची चित्रे विरळ होत गेली. मासिक कोणाकडे तोंड करून उभे आहे, हे कळायला एवढा एक बदल पुरेसा आहे.

१०. ऑगस्टचे अंक जमवणारे लोक इतके का?

कारण दर ऑगस्टमध्ये एखाद्या प्रोग्रामिंग भाषेवर विशेषांक काढण्याची प्रथा होती : १९७७ मध्ये एपीएल, १९७८ मध्ये पास्कल, १९७९ मध्ये लिस्प, १९८० मध्ये फोर्थ, १९८१ मध्ये स्मॉलटॉक, १९८२ मध्ये लोगो आणि १९८३ मध्ये सी. यांत स्मॉलटॉकचा अंक वेगळ्याच तोलाचा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात वर्षानुवर्षे चाललेले काम त्या अंकामुळे बाहेरच्या जगाला सविस्तर वाचायला मिळाले, आणि तेही काम करणाऱ्यांच्याच लेखणीतून. ॲडेल गोल्डबर्ग, डॅन इंगल्स, लॅरी टेस्लर यांचे लेख त्यात आहेत. बेटावरून उडालेला टिनी यांचा फुगा स्मॉलटॉकचे बोधचिन्हच होऊन बसला. घरी अल्टेअर जोडणाऱ्या वाचकाला स्मॉलटॉक चालवता येण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरी संपादकांनी अख्खा अंक त्यासाठी दिला, आणि वाचकांनी तो जपून ठेवला.

११. स्टीव्ह सियार्सिया कोण होते?

'सियार्सियाज सर्किट सेलर' या सदराचे लेखक. नोव्हेंबर १९७७ पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी घराच्या तळघरातील कार्यशाळेत बनवलेले एकेक उपकरण सर्किटच्या आराखड्यासह वाचकांपुढे ठेवले. 'सोल्डर ही माझी आवडती प्रोग्रामिंग भाषा' हे त्यांचे वाक्य आजही उद्धृत केले जाते. घरातली विजेची उपकरणे संगणकाने चालू-बंद करणे, बोलणारी चिप जोडणे, एका पाटीवर पूर्ण संगणक बसवणे असा त्यांचा पल्ला होता, आणि एसबी-१८० या त्यांच्या पाटीचे सुटे भागही वाचकांना विकत मिळत. मासिक हळूहळू तयार संगणकांच्या परीक्षणांकडे वळले, तेव्हा १९८८ मध्ये त्यांनी 'सर्किट सेलर' याच नावाने स्वतंत्र नियतकालिक काढले. त्यांचे एखादे उपकरण भारतात जोडून पाहायचे असेल तर आधी प्रश्न १७ वाचावा.

१२. जेरी पुर्नेल यांच्या सदराला एवढा वाचकवर्ग कसा मिळाला?

पुर्नेल हे विज्ञानकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १९८० पासून संगणकाविषयी सामान्य वापरकर्त्याच्या भूमिकेतून लिहिले : घरी आलेली यंत्रे, न चालणारे सॉफ्टवेअर, वाया गेलेले दिवस. तांत्रिकदृष्ट्या ते सदर अंकातले सर्वांत हलके होते. तरीही पुष्कळ जण अंक उघडून आधी तेच वाचत. मला स्वतःला ते फार पाल्हाळिक वाटते.

१३. 'चाळणीची चाचणी' कोणती, आणि उत्तर १८९९ का येते? मूळसंख्या तर १९०० आहेत.

सप्टेंबर १९८१ च्या अंकात जिम गिलब्रेथ यांनी निरनिराळ्या भाषांचा आणि कंपायलरांचा वेग तोलण्यासाठी एरॅटोस्थेनिसच्या चाळणीवर, म्हणजे पटीतल्या संख्या गाळत मूळसंख्या शोधण्याच्या प्राचीन रीतीवर, बेतलेला छोटा प्रोग्राम छापला. जानेवारी १९८३ मध्ये त्याचा विस्तारित पाठपुरावा आला. प्रोग्राम इतका लहान होता की कोणीही तो आपल्या यंत्रावर टाइप करून सेकंद मोजू शकत असे, आणि म्हणूनच जाहिरातींतही त्याचे आकडे झळकू लागले.

उत्तराचे गणित सोपे आहे. ० पासून ८१९० पर्यंतच्या खुणांच्या यादीत प्रत्येक जागा फक्त विषम संख्येसाठी आहे. जागेचा क्रमांक दुप्पट करून त्यात ३ मिळवले की ती संख्या मिळते. पहिली संख्या ३, शेवटची १६३८३. या पल्ल्यापर्यंत मूळसंख्या १९०० असल्या तरी त्यांतली २ ही सम असल्याने यादीत येतच नाही, म्हणून १८९९. चाचणीचा वेळ मोजताना हीच मोजणी दहा वेळा करायची असते. हे विसरून एकाच फेरीचा वेळ जुन्या तक्त्याशी ताडणारे पुष्कळ भेटतात.

या चाचणीत दशांश अपूर्णांक नाहीत, गुणाकार जवळपास नाही, डिस्कचा संबंध नाही. त्यामुळे तिच्यावरून संपूर्ण यंत्राची पारख करणे तेव्हाही चूकच होते.

१४. मॅकग्रॉ-हिलने विकत घेतल्यावर मासिक बिघडले, हे खरे का?

मॅकग्रॉ-हिल या प्रकाशनसंस्थेने १९७९ मध्ये 'बाइट' घेतले. घसरण लगेच सुरू झाली असे म्हणणे अन्यायाचे आहे. स्मॉलटॉकचा अंक त्यानंतरचा आहे, आयबीएम पीसीवरचा ग्रेग विल्यम्स यांचा जानेवारी १९८२ चा लेख आणि मॅकिंटॉशवरचा फेब्रुवारी १९८४ चा लेखही त्यानंतरचेच. १९८३ च्या सुमारास अंक पाचशेहून अधिक पानांचे निघत होते.

बदल घडवला तो मालकाने कमी आणि बाजाराने अधिक. १९७६ चा वाचक संगणक जोडत होता. १९८४ चा वाचक खोक्यातून काढून टेबलावर ठेवत होता. त्याला सर्किटपेक्षा परीक्षण हवे होते, आणि जाहिरातदारालाही तोच वाचक हवा होता. जाहिरातींच्या पानांमुळे अंक लठ्ठ झाला, पण मजकुरातला वाचकांचा वाटा रोडावला. हाती घ्यायचेच असतील तर मी १९७७ ते १९८३ चे अंक सुचवीन.

१५. शेवटी ते बंद का पडले?

मे १९९८ मध्ये सीएमपी मीडिया या कंपनीने मॅकग्रॉ-हिलकडून 'बाइट' घेतले आणि लगोलग प्रकाशन थांबवले. कारण जाहिरातींचे. नव्वदच्या दशकात जाहिरातदारांचा पैसा विंडोज-पीसी विकत घेणाऱ्या कार्यालयांकडे तोंड असलेल्या मासिकांकडे वळला होता. 'बाइट' मात्र कोणत्याही एका यंत्राशी बांधलेले नव्हते. पीसी, मॅक, युनिक्स, नवे प्रोसेसर अशा सगळ्यांना ते जागा देत असे. वाचकाच्या दृष्टीने हा गुण होता, पण जाहिरात विकणाऱ्याला असा वाचक कोणत्या खात्यात टाकावा ते कळेना.

नाव त्यानंतरही संकेतस्थळाच्या रूपाने आले-गेले : १९९९ पासून दहा वर्षे, आणि २०११ ते २०१३ असे पुन्हा एकदा. जपानमधील 'निक्केई बाइट' हे १९८४ मध्ये सुरू झालेले भावंड मूळ मासिकाच्या नंतरही काही वर्षे छापले जात होते.

१६. माझ्याकडे 'खंड १, अंक १६' आहे. वर्षात बारा अंक असतात, मग सोळावा कसा?

पहिला खंड सप्टेंबर १९७५ ते डिसेंबर १९७६ असा सोळा महिन्यांचा होता, तेव्हा आपला अंक डिसेंबर १९७६ चा आहे. जानेवारी १९७६ चा अंक पाचवा. दुसरा खंड जानेवारी १९७७ पासून मोजायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आयबीएम पीसीवरचे जादा विशेषांकही निघाले. बांधीव खंडात एखादा अंक अधिक दिसला तर तो बहुधा त्यांपैकी असतो.

१७. जुन्या अंकातले सर्किट भारतात जसेच्या तसे जोडले तर चालेल का?

काही चालतील, काही चुकीचे चालतील आणि काही धोक्याची आहेत. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट मेन्सला जोडायची सर्किटे, म्हणजे दिवे किंवा पंखे चालू-बंद करणारी, आराखड्यातले भाग तेच ठेवून आपल्या विजेवर अजिबात लावू नयेत. ट्रान्सफॉर्मरचे केवळ व्होल्टेज जुळून भागत नाही, कारण ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो.

मेन्सची आवर्तने मोजून वेळ दाखवणारी घड्याळे आपल्याकडे चालतात, पण तासाला दहा मिनिटे मागे पडतात. साठ आवर्तनांना एक सेकंद धरणारा विभाजक पन्नासवर आणावा लागतो. टीव्हीवर चित्र दाखवणारी सर्किटे अमेरिकी ५२५ रेषांच्या पद्धतीची आहेत, आपल्याकडील ६२५ रेषांच्या नव्हेत. कॅसेटच्या जोडणीला मात्र यातले काहीच आडवे येत नाही, कारण तिचे ध्वनी मेन्सवर अवलंबून नसतात.

आणखी दोन गोष्टी. ८०८० प्रोसेसरला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यामुळे हाताशी असलेला पाच व्होल्टचा चार्जर पुरत नाही. आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवण्याआधी त्यापुढचे दोन-तीन अंक उघडून 'बाइट्स बग्ज' हे सदर पाहावे, कारण छापलेल्या आराखड्यांतल्या चुका तिथे दुरुस्त केलेल्या असतात. मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा रद्दीवाल्याकडे सुटा अंक मिळाला तर पुढचे अंक हाती नसतात, हीच खरी अडचण असते.

१८. जुन्या अंकांच्या स्कॅन प्रती सहज मिळतात. म्हणजे ते आता कॉपीराइटमुक्त झाले का?

नाही. वाचायला मिळणे आणि हक्क संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७५ मध्ये कॉपीराइटच्या सूचनेसह प्रसिद्ध झालेल्या मजकुराला अमेरिकी कायद्याने ९५ वर्षांचे संरक्षण असते, म्हणजे पहिला अंक २०७० अखेरपर्यंत संरक्षित आहे. पूर्ण लेख, आराखड्याचे चित्र किंवा टिनी यांचे मुखपृष्ठ पुन्हा छापायचे असेल तर परवानगी लागेल. लेखातली तंत्रकल्पना मात्र कॉपीराइटखाली येत नाही. कॅन्सस सिटी पद्धतीने टेप वाचणारा नवा प्रोग्राम किंवा चाळणीची चाचणी स्वतःच्या शब्दांत व स्वतःच्या भाषेत लिहिण्याला कोणाची आडकाठी नाही. छापील प्रोग्राम ओळीन्‌ओळ उतरवून विकायचा असेल, तर तो त्या लेखकाचा मजकूर ठरतो.